छोट्या रीफ टँकमध्ये कोण कोणासोबत नांदेल

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल आणि मासे ठेवायचा टँक, दोन फुटी आणला, दगड रचून झाले, मीठ कालवून झालं, सायकल (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वाढू देणं) पण झाली आणि आता दुकानात जाऊन "हा घेऊ का तो घेऊ" असं ज्यांचं होतंय त्यांच्यासाठी लिहितोय. नेटवर ते रंगीत चार्ट असतात ना, हिरवं म्हणजे चालेल, लाल म्हणजे नको, ते मोठ्या टँकला थोडेफार उपयोगी पडतात, पण ८०-१०० लिटरच्या डब्यात तेवढ्यावर जाऊ नका. कारण मोठ्या टँकमध्ये मार खाणारा मासा पळून दुसऱ्या टोकाला जातो, छोट्यात दुसरं टोक नसतंच. वन रूम किचनमध्ये भाडेकरू ठेवताना आपण जसं आधी विचारतो की बाबा तू झोपणार कुठे, तसा इथेही पहिला प्रश्न जागेचा आहे. मासा गुणी आहे की भांडखोर हे त्यानंतर.

हिशोब साधा आहे. ६० बाय ४० बाय ४० सेंटीमीटरचा टँक कागदावर ९६ लिटर, पण दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा काढली की पाणी उरतं साधारण ७५ लिटर. त्यात मासे तीन, फार तर चार, आणि चारही लहान जातीचे. दुकानदार म्हणेल दहा बसतील, बसतील पण, एक महिना. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्यापेक्षा कमी विरघळतो आणि पाणी गरम झालं की अजून कमी, त्यामुळे गप्पी-मॉलीचा हिशोब इकडे लावू नका.

आता जागा म्हणजे काय तर टँकमध्ये तीन मजले धरा: वाळू, दगडातली भोकं आणि वरचं मोकळं पाणी. एका मजल्यावर एकच मालक. वाळूवर राहणारे दोन गोबी, किंवा एकाच भोकावर डोळा ठेवणारे दोन ब्लेनी आणले की भांडण ठरलेलं. त्यातही रंग-रूप सारखं असेल तर जास्तच, कारण माशाला आपल्यासारखाच दिसणारा दुसरा म्हणजे थेट वाटेकरी वाटतो. म्हणून सगळे वेगळ्या आकाराचे, वेगळ्या मजल्याचे आणि वेगळं खाणारे घ्या.

सगळ्यांना हवा असतो तो क्लाउनफिश, म्हणजे नीमो, त्याच्यापासून सुरू करू. ऑसेलॅरिस जातच मागा, शक्यतो टँकमध्ये पैदास झालेली. आपल्याकडे सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनची हॅचरी पद्धत कधीच बसवलीये आणि हॅचरीतले मासे बाजारात मिळतात, ते पेलेट खायला लगेच लागतात आणि रोगही कमी घेऊन येतात. दोन घ्या, पण दोन्ही लहान आणि एक जरा मोठा एक बारका असे. क्लाउन जन्मतात ते सगळे नर म्हणूनच, दोघांत जो वरचढ ठरतो तो मादी होतो आणि दुसरा नर राहतो. दोन मोठ्या, आधीच मादी झालेल्या क्लाउन एकत्र टाकल्या तर एक मरेपर्यंत थांबत नाहीत. तीन क्लाउन तर अजिबात नको, तिसऱ्याचे हाल कुत्रा खात नाही. मरून क्लाउन दिसायला राजबिंडा पण स्वभावाने जमदग्नी, या साईझमध्ये त्याचं नाव काढू नका. क्लार्की पण मोठा होतो आणि दांडगाई करतो.

आणि हो, क्लाउनला ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा प्राणी) लागतोच हे डोक्यातून काढून टाका. समुद्रात लागतो कारण तिथे खाणारे फिरत असतात, टँकमध्ये तो पंपाच्या रिकाम्या कोपऱ्यात पण सुखाने झोपतो. छोट्या टँकमध्ये ॲनिमोन म्हणजे चालती आफत. त्याला जागा आवडली नाही की तो सरकतो, सरकताना वाटेतल्या प्रत्येक कोरलला डंख मारत जातो, आणि एखाद्या रात्री वेव्हमेकरमध्ये, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंपात, अडकून त्याचा कीस झाला की सकाळपर्यंत सगळं पाणी नासलेलं. वर्षभर टँक स्थिर चालला, वेव्हमेकरला जाळी लावली आणि बाकी कोरल नसले तरी चालेल अशी तयारी असेल, तरच त्याचा विचार करा.

वाळूच्या मजल्यासाठी माझी पसंती डोळे मिटून यलो वॉचमन गोबी आणि पिस्तूल झिंगा या जोडीला. झिंग्याला जवळजवळ दिसत नाही, तो दिवसभर बिळ खणत बसतो आणि त्याची एक मिशी कायम गोबीच्या अंगाला लागलेली असते. गोबी दारावर पहारा देतो, काही दिसलं की शेपटी हलवतो आणि दोघं आत. चार हजार रुपयांच्या कोरलपेक्षा ही जोडी बघण्यात जास्त वेळ जातो. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. दगड वाळूवर ठेवायचे नाहीत, आधी काचेवर बसवायचे आणि मग वाळू घालायची, नाहीतर याने खाली खणलं की वरचा डोंगर कोसळतो, कधी गोबीवर तर कधी काचेवर. आणि रात्री "टक्क" असा काच तडकल्यासारखा आवाज आला तर घाबरून उठू नका, ते साहेब नांगीने फटाका वाजवतायत. वाळूवर ठेवलेले कोरल हे दोघं पुरून टाकतात, म्हणून त्यांच्या बिळाच्या आसपास काही मांडू नका.

मोकळ्या पाण्यासाठी फायरफिश. गरीब मासा आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण घाबरट, आणि घाबरला की उडी मारतो. वर जाळीचं झाकण नसेल तर हा मासा घेऊच नका. फायरफिशच काय, गोबी आणि रास जातीचे मासे, सगळेच उड्या मारतात, सकाळी फरशीवर सुकलेला मासा उचलायची वेळ येते. काचेचं पूर्ण बंद झाकण नको, उष्णता कोंडते आणि हवा खेळत नाही, खिडकीला लावतात तशी बारीक जाळी फ्रेमवर ताणून बसवा. फायरफिश एकच घ्या, जमलेली जोडी मिळाली तरच दोन.

दगडाच्या भोकासाठी रॉयल ग्रामा चांगला, पण इथे फसवणूक होते. बायकलर डॉटीबॅक अगदी तसाच दिसतो, पुढून जांभळा मागून पिवळा, आणि स्वस्तात मिळतो. ओळखायचं असं की ग्रामाचा जांभळा रंग हळूहळू पिवळ्यात विरत जातो आणि त्याच्या वरच्या परावर पुढे एक काळा ठिपका असतो, डॉटीबॅकमध्ये दोन रंग सुरीने कापल्यासारखे वेगळे दिसतात आणि ठिपका नसतो. ग्रामा आपलं भोक सांभाळून असतो. डॉटीबॅक सगळा टँक स्वतःचा समजतो आणि छोटे झिंगे पण खातो.

आता न घ्यायच्या गोष्टी, ही यादी मोठी आहे आणि दुकानात नेमकं हेच पुढे ठेवलेलं असतं. डॅमसेल, म्हणजे ते काळे-पांढरे पट्टेवाले, डोमिनो, ब्लू डेव्हिल, स्वस्त आणि कणखर म्हणून "सायकलसाठी घ्या" असं सांगून गळ्यात मारतात. सायकल होते, पण तोपर्यंत तो टँकचा दादा झालेला असतो आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला फोडतो, शिवाय दगड न हलवता त्याला बाहेर काढणं अशक्य. सायकलला मासा लागतच नाही, बाटलीतले बॅक्टेरिया आणि अमोनियाचा सोर्स एवढं पुरतं, चार ते सहा आठवडे धीर धरा. ब्लू टँग, ती डोरी, नाण्याएवढी मिळते आणि फुटाच्या जवळ वाढते, तिला सहा फुटी टँक लागतो. सिक्सलाइन रास पहिले काही महिने शहाणा, मग नव्या लाजाळू माशांच्या मागे लागतो. बटरफ्लाय बहुतेक कोरल खातात. ट्रिगर आणि पफर झिंगे-गोगलगायी फोडून खातात. लायनफिश तोंडात मावेल ते सगळं गिळतो, आणि त्याचा काटा लागला तर आपल्यालाच दवाखाना.

मँडरीन माशाबद्दल वेगळं सांगतो कारण तो भांडत नाही, कोणाला खात नाही, चार्टवर सगळीकडे हिरवा असतो आणि तरीही मरतो. त्याला दिवसभर दगडावरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक किडे, टिपायला लागतात, ७५ लिटरमध्ये तेवढे पैदाच होत नाहीत. दोन महिन्यांत सगळे फस्त करतो आणि मग पोट खपाटीला जाऊन उपाशी मरतो. दुकानात फ्रोझन खाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितला तरी दहादा विचार करा. लॉनमोअर ब्लेनीचं पण तसंच, शेवाळ खातो म्हणून नव्या स्वच्छ टँकमध्ये टाकतात आणि तो कुपोषणाने जातो. शेवाळ आधी येऊ दे, मग शेवाळ खाणारा आणा.

झिंग्यांमध्ये क्लीनर झिंगा, लाल-पांढरा, बिनधास्त घ्या, हात घातला की नखं साफ करायला येतो. पेपरमिंट झिंगा ऐप्टेशिया नावाचं ते उपद्रवी ॲनिमोन खातो म्हणून कामाचा, पण त्याच्या नावाखाली कॅमलबॅक विकतात. कॅमलबॅकचे डोळे मोठे, पाठीला कुबड आणि अंगावर ठळक पांढऱ्या रेघा, आणि तो झोअँथिड-मशरूम ही मऊ कोरल कुरतडतो. पट्टेवाला बॉक्सर झिंगा दिसायला भारी पण बाकीच्या झिंग्यांना मारतो, एकटाच ठेवायचा असेल तर ठेवा. हार्लेक्विन झिंगा फक्त स्टारफिश खातो, दुसरं काहीच नाही, म्हणजे त्याला जगवायला तुम्ही स्टारफिश विकत आणत बसणार.

क्लीनर झिंग्याची एकच खोड, कोरलच्या तोंडातून खाणं ओढून काढतो. ॲकन किंवा डंकन या कोरलना मायसिस (बारीक झिंग्यांसारखं खाद्य) दिलं की हा वर चढून बसलाच. उपाय सोपा आहे, प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून खाणं देताना कोरलवर उलटा झाकायचा, अर्धा तास ठेवायचा, झालं.

गोगलगायींमध्ये ट्रोकस सगळ्यात शहाणी, उलटी पडली तरी स्वतः सरळ होते. ॲस्ट्रिया होत नाही, ती तशीच पडून मरते किंवा हर्मिट खेकडा तिला खातो. नॅसारियस वाळूत दडून बसते आणि खाण्याचा वास आला की भुतासारखी बाहेर येते, दोन-तीन असू द्या. मोठी टर्बो कामाला वाघ पण न चिकटवलेले फ्रॅग, म्हणजे कोरलचे कापलेले तुकडे, ढकलत जाते, म्हणून फ्रॅग ग्लूने पक्के करा. हर्मिट खेकडे ठेवलेत तर रिकामे शंख पण टाका, त्यांच्या मापापेक्षा जरा मोठे, नाहीतर घर बदलायला ते जिवंत गोगलगाय मारतात. स्टारफिश या साईझला नकोच, वाळू चाळणारा काही महिन्यांत उपाशी मरतो आणि चॉकलेट चिप कोरल खातो.

कोरल पण जनावरच आहे, आणि भांडतं. फक्त हळू भांडतं, म्हणून आपल्याला कळत नाही. काही डंख मारतात, काही पसरून गुदमरवतात, काही पाण्यात रसायन सोडतात. गॅलेक्सिया रात्री लांबच लांब धागे सोडतो आणि शेजाऱ्याला जाळतो, छोट्या टँकमध्ये तो नको. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन एकमेकांना चिकटले तरी सहसा चालतं, पण टॉर्च त्या दोघांनाही मारतो, त्याला वेगळा कोपरा द्या आणि चारी बाजूंनी १५ सेंटीमीटर मोकळं ठेवा. आजचा फ्रॅग नाही, वर्षानंतरचा आकार डोक्यात धरून अंतर मोजा. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया गवतासारखे पसरतात, यांना मुख्य दगडावर कधीही लावायचं नाही, वाळूत वेगळा सुटा दगड ठेवून त्याच्यावर लावा. लेदर कोरल रसायन सोडतो, तो असेल तर ॲक्टिव्हेटेड कार्बन कायम चालू आणि महिन्याला बदला.

सुरुवातीला मशरूम, झोअँथिड, मग कँडी केन आणि डंकन, चार-सहा महिने आकडे स्थिर राहिले की हॅमर. ॲक्रोपोरा वगैरे काड्यावाले कोरल मऊ कोरलच्या गर्दीत टाकू नका, त्यांना प्रकाश आणि प्रवाह दोन्ही जास्त लागतो आणि मशरूमला दोन्ही कमी, एकाच छोट्या डब्यात दोघांना खूश ठेवणं शक्य आहे पण नवख्याचं काम नाही. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. त्यांचा दगड उकळायचा नाही, घासायचा नाही, त्याची वाफ पण घातक आहे. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

कायद्याचं पण बघा. आपल्या समुद्रातलं कोरल, सी हॉर्स, समुद्री काकडी हे सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात आणि सुंदर दगड दिसला तरी तो तिथेच राहू द्या, मेलेलं कोरल असलं तरी. फ्रॅग घ्यायचे ते दुसऱ्या हॉबीस्टने आपल्या टँकमध्ये वाढवून कापलेले घ्या किंवा कागदपत्रं दाखवणाऱ्या दुकानातून. सी हॉर्स तसाही क्लाउनच्या टँकमध्ये जगत नाही, तो सावकाश खातो आणि तोपर्यंत बाकीच्यांनी सगळं संपवलेलं असतं.

पाण्याचे आकडे थोडक्यात: सॅलिनिटी (खारटपणा) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग, हायड्रोमीटरवर १.०२६ च्या आसपास, तापमान २५-२६, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास, नायट्रेट थोडं असू द्या, अगदी शून्य नको. पाणी आरओडीआयचं, म्हणजे आरओनंतर अजून एकदा गाळून शुद्ध केलेलं, नळाचं नाही. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर मीठ न घातलेल्या आरओडीआय पाण्याची घालायची. आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. पुण्यात हवा कोरडी असते तेव्हा टँकवर पंखा लावून दोन-तीन डिग्री उतरतात, मुंबईत दमट हवेत पंख्याचा तेवढा उपयोग होत नाही, तिथे चिलर किंवा खोलीतला एसी लागतोच. ते बजेट नसेल तर कोरल थांबवा. ३० च्या वर पाणी सतत राहिलं की सगळ्यात शांत जोडी पण भांडायला लागते, ऑक्सिजन कमी पडतो ना. लाईट जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा एअर पंप ठेवा.

मग टाकायचा क्रम. इथे बरेच जण गडबडतात, आवडता मासा म्हणून क्लाउन आधी टाकतात आणि मग तो नव्यांना जागा देत नाही. लाजाळू आधी, दांडगा शेवटी. सायकल संपली आणि तपकिरी डायटम, म्हणजे शेवाळाचा थर, आले की गोगलगायी, मग गोबी-पिस्तूल, दोन-तीन आठवड्यांनी फायरफिश, मग तेवढ्याच अंतराने क्लाउनची जोडी. क्लीनर झिंगा टँक दोनेक महिने मुरल्यावर, झिंग्यांना सॅलिनिटीचा झटका सहन होत नाही, त्यांना थेंबथेंब पाणी घालून तास-दीड तास जुळवून घ्या. ९६ लिटरच्या टँकला एवढी मंडळी भरपूर झाली. ग्रामा घ्यायचा असेल तर फायरफिशच्या ऐवजी घ्या, वर भर म्हणून नाही.

दुकानात मासा बघताना "खायला घालून दाखवा" म्हणा. न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका. पोट आत गेलेला, जोरात श्वास घेणारा, दगडाला अंग घासणारा मासा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. आणि शक्य असेल तर एक साधा ४० लिटरचा क्वारंटाइन टँक ठेवा, नव्या माशाला महिनाभर तिथे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टँकमध्ये शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक साधारण अडीच महिने बिनमाशाचा ठेवावा लागतो, कारण तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, झिंगे, गोगलगायी, कोरल सगळे त्याने मरतात.

नवा मासा टाकाल तेव्हा लाईट बंद, दोन-चार दगड जरा इकडेतिकडे करा म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात, आणि काचेला बाहेरून आरसा लावा, जुना दादा आरशातल्या स्वतःशी भांडण्यात गुंग राहतो. पहिले दोन दिवस थोडी ढकलाढकली चालते. पर फाटले, मासा कोपऱ्यात वर टेकून राहिला, खायला येईना, की अजून एक दिवस बघू म्हणत बसू नका. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत मायसिस टाका, मारणारा हावरट असतोच, तो पहिला आत शिरतो. त्याला काढून दुकानात परत करा किंवा मोठा टँक असलेल्या कोणाला देऊन टाका. मार खाणाऱ्याला काढलं तर दुसऱ्या दिवसापासून पुढच्याचा नंबर लागतो.